मधल्या वर्तुळातला चेहरा

हॅलिंग्डाल, नॉर्थ डकोटा
८ फेब्रुवारी २०१५

प्रिय कोरीन,

फोन करत जा, फोन करत जा, असं तू दर पत्रात लिहितेस. पोरी, एकतीस वर्षं रिंकच्या बर्फयंत्रांशेजारी काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंय. फोनवर तू बोललीस काय आणि हवामान खात्याची बाई बोलली काय, मला सारखंच. तेव्हा कागदच बरा.

बातमी अशी की तुझा आजोबा या वयात समितीत बसलाय. विद्यापीठाच्या हॉकी संघाचं ‘चीफ्स’ हे नाव बदलायचं, मूळ रहिवाशांच्या सरदारांवरून नाव नको, असा वरून हुकूम आलाय. त्यासाठी नऊ जणांची समिती नेमली, आणि त्यात प्रेक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. माझा दोस्त गॉर्डी म्हणतो, तुला घेतलं कारण तू कुणाला उलट बोलत नाहीस आणि कुणाचं ऐकूही येत नाही तुला. धान्याच्या कोठारावर जन्म गेला त्याचा, पण जीभ अजून तिखट आहे.

लोकांनी चार हजार नावं पाठवलीत. ती वाचायचं काम आमच्या गळ्यात. एकशे सहा जणांनी ‘डास’ सुचवलंय. एकाने ‘शून्याखाली चाळीस’. एका गृहस्थाने ‘हॉटडिश’ असं नाव पाठवून खाली बायकोची कृतीही लिहून दिलीय, बटाटे किती, मांस किती, सगळं. ‘हिमघुबड’ पुष्कळ पुढे आहे. हसून हसून पोट दुखतं, आणि घरी आलो की रडू येतं.

कारण ‘चीफ्स’ म्हणायची सवय एका हुकमाने कशी जाईल? तुला आठवतं ना? राष्ट्रगीताचा शेवटचा शब्द संपला रे संपला की अकरा हजार माणसं एका दमात, एकदाच, ‘चीफ्स!’ म्हणतात. एकदाच. मग खेळाची चकती, पक, बर्फावर पडेपर्यंत चिडीचूप. मी तेव्हा खाली, बर्फ सारखा करायच्या गाडीजवळच्या फाटकापाशी असायचो. लाकडी फळीवर तळवा टेकवून उभा राहायचो, आणि ती हाक फळीतून माझ्या हातात यायची. दर वेळी अंगावर काटा यायचा. चर्चमध्येसुद्धा मला इतकं कधी वाटलं नाही. हे पाद्रीबाईंना सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. तुमच्या लोकांच्या राखीव प्रदेशातल्या कुणी लिहून दिलं की आम्हाला या नावाचा अभिमान आहे, तर समिती नाव राखून ठेवायची शिफारस करू शकते. तू माझ्या मुलाची मुलगी आणि सायलसच्या मुलीची मुलगी. तुझ्याइतकं योग्य कोण आहे? एक पानभर लिही. सोबत मी फ्रिजवरचा तुझा तो फोटो देईन. अकरा वर्षांची तू, डोक्यावर पिसांचा टोप, खुर्चीवर उभी, हसतेयस. तो बघून कुणाचंही मन पाघळेल.

तुझा आजोबा,
आयनार

स्टोनी लेक
२० फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

समितीबद्दल अभिनंदन. हॉटडिशची कृती जपून ठेवा, आईला हवीय.

घुबड मात्र नको हं. इथे घुबड घराजवळ बोललं की आई आधी दार लावून घेते आणि मग कुणाकुणाची तब्येत नरम आहे ते मोजत बसते. अकरा हजार लोकांनी दर शुक्रवारी त्यालाच हाका मारायच्या म्हणजे कमालच.

शाळेत परीक्षा चालू आहेत. तळ्यावर अकरा इंच बर्फ आहे. माझे सातवीचे विद्यार्थी शास्त्राच्या तासाला बर्फाला भोकं पाडून जाडी मोजतात आणि तास संपला तरी परत येत नाहीत.

पत्राचं मला जमणार नाही, आजोबा. दुसरं काहीही मागा. आणि तो फोटो समितीला दाखवू नका. माझे दात त्यात फार वेडेवाकडे दिसतात.

तुमची,
कोरीन

हॅलिंग्डाल
१ मार्च

प्रिय कोरीन,

दातांचं मनावर घेऊ नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच फोटो देऊन बसलो होतो. सभेत पडद्यावर भिंतीएवढा दाखवला आणि सगळे उठून उभे राहिले. गॉर्डीची छाती तर अशी फुगली की बटण तुटायचं बाकी होतं. टोप त्यानेच घातला होता, फोटोही त्यानेच काढलेला, आणि हे त्याने तिथे तीनदा सांगितलं. काल आपल्या पेपरात पहिल्या पानावर छापून आलाय. दहा अंक घेतलेत. दोन तुला पाठवतोय.

तू का नको म्हणतेस ते मला कळतं, पोरी. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. तो फोटो हिवाळ्यातला, आणि त्याच उन्हाळ्यात निल्स गेला. त्यानंतर तू रिंकमध्ये पाऊल टाकलं नाहीस. ते नाव काढलं की तुला बाप आठवत असणार. मलाही मुलगा आठवतो. पण नाव पुसून टाकल्याने तो परत थोडाच येणार आहे? उलट, नाव राहिलं तर त्याचं काहीतरी राहिलं असं मला वाटतं.

मतदान पाच एप्रिलला. आठ जणांचं मी गणित केलंय. चार इकडे, चार तिकडे. शेवटचं मत माझं. पण नुसत्या हाताने मत देण्यापेक्षा तुझं पत्र हातात असलं, तर मी ताठ मानेने देईन. चारच ओळी लिही.

आयनार

स्टोनी लेक
९ मार्च

प्रिय आजोबा,

तुमचे अंक यायच्या आधीच तो पेपर इथे पोचला होता. आई दूध आणायला दुकानात गेली होती. गठ्ठ्यातले सगळे अंक तिने एकेक करून पालथे ठेवले आणि दूध न घेताच घरी आली. म्हणून आता लिहिते. बाबांचा यात काही संबंध नाही.

चांगलं आहे ते आधी सांगते, कारण तेही खरंच आहे. मी पाच वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा रिंकमध्ये आणलं. बर्फाच्या बरोबर मधोमध तुम्ही रंगवलेला तो चेहरा होता, पिसांचा, मोठ्या नाकाचा. मला वाटलं तो सायलस आजोबांचा आहे. खरंच वाटलं. माझ्या एका आजोबांनी दुसऱ्या आजोबांचं चित्र काढलंय, आणि अकरा हजार गोरी माणसं टोप्या काढून त्यांच्यासाठी उभी राहिलीत. मग ती हाक आली. मी बाबांचा कोट घट्ट धरून ठेवला होता. माझे सायलस आजोबा एवढे मोठे आहेत हे मला कुणी सांगितलंच कसं नाही, असं झालं मला. तसं पुन्हा कधी भरून आलं नाही. घरी गेल्यावर मी त्यांच्याकडे तीन दिवस नुसती बघत होते.

आता अकराव्या वर्षीची रात्र. त्या दिवशी सायलस आजोबा पहिल्यांदाच सामना बघायला आले होते, तुमच्याच बोलावण्यावरून. तुम्ही खाली फाटकापाशी होतात. वर मी, ते आणि गॉर्डीकाका. मध्यंतरात गॉर्डीकाकांनी पिशवीतून टर्कीच्या रंगवलेल्या पिसांचा टोप काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला खुर्चीवर उभं केलं. म्हणाले, ही बघा खरी चीफ! आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी सिनेमातल्या रेड इंडियनांसारखं तोंडावर हात आपटत ओरडलं. अकरा वर्षांच्या मुलीवर एवढी माणसं खूश झाली की ती काय करणार? ती हसते. मी हसले, आणि फोटो निघाला.

आमच्याकडे एकेक पीस मिळवावं लागतं, आजोबा. कुणी काय केलं, कुणाचा जीव वाचवला, ते चारचौघांत सांगून मग देतात. सायलस आजोबांकडे दोन होती. एक युद्धातून आल्यावरचं. दोनच, तीही ते पेटीत ठेवायचे.

ते उठले. तो टोप त्यांनी माझ्या डोक्यावरून दोन्ही हातांनी उतरवला, अगदी खरा असल्यासारखा, आणि गॉर्डीकाकांच्या खुर्चीवर ठेवला. ‘थँक यू’ म्हणाले. मग मला बाहेर नेऊन गरम चॉकलेट घेऊन दिलं. मी विचारलं, चुकले का मी? ते म्हणाले, तू नाहीस. आणि म्हणाले, ‘आयनारला यातलं काही सांगू नकोस. त्याने तो चेहरा जीव लावून रंगवलाय. जीव लावून केलेली चूक माणसाला सांगायची तर तसा दिवस यावा लागतो.’

तसा दिवस यायच्या आत ते गेले. मीही तेरा वर्षं पाळलं. आता तुम्हीच माझ्याकडे पत्र मागितलंत. हे घ्या.

मत कसं द्यायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही कसंही दिलंत तरी माझे आजोबाच आहात. पण त्या रिंकमध्ये मात्र मी आता कधी येणार नाही.

कोरीन

हॅलिंग्डाल
१९ एप्रिल

प्रिय कोरीन,

इतके दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं आणि मी त्याच्या आजूबाजूला जेवत होतो.

सायलस त्या रात्री लवकर निघाला तेव्हा रस्ते खराब म्हणून निघाला असेल असं मी धरून चाललो. तेरा वर्षं तेच धरून बसलो. पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. त्या दिवशी सकाळी मी त्याला बर्फावर नेलं होतं. मोठ्या तोऱ्यात. दाखवलं, की आधी सगळा बर्फ पांढरा रंगवतो, मग त्यावर चेहरा काढतो, आणि मग पाण्याची फवारणी, श्वासाइतकी पातळ, एकावर एक, बारा-पंधरा थर, चेहरा आत सुरक्षित बसेपर्यंत. तो गुडघ्यावर बसला. हातमोजा काढून बर्फावरून हात फिरवला. बराच वेळ बघत होता. मग मला विचारलं, ‘हा कुणाचा मुलगा?’

मी हसलो, कोरीन. म्हणालो, कुणाचाच नाही रे, कंपनीकडून साचा येतो. तो ‘बरं’ म्हणाला आणि उठला. आणि वर जाताना बर्फाचं काम फार सुरेख झालंय असं म्हणाला.

एकतीस वर्षं मी तो चेहरा काढला. डोळे कुठे, नाक कुठे, डोळे मिटून काढीन. आणि तो कुणाचा, हे एकदाही मनात आलं नाही. तुला पाचव्या वर्षीच कळलं की चेहरा म्हटला की तो कुणाचातरी असतो. मला ऐंशीच्या उंबरठ्यावर कळतंय. लाज वाटते म्हणावं तर तो शब्दही थिटा पडतो.

समितीत माझी पाळी शेवटी आली. चार-चार झाले होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मी एवढंच म्हणालो की फोटो मी दाखवला, पण त्यातल्या मुलीला विचारलं नव्हतं, आणि आता विचारलंय. मग नाव बदलायच्या बाजूने हात वर केला. नवीन नाव ‘क्रेन्स’. ऑक्टोबरात सारस पक्षी आपल्या डोक्यावरून दक्षिणेला जातात ना, त्यांचं. डास चार मतांनी हरले.

पेपरवाल्यांनी छापलं, ‘बर्फवाल्यानेच चेहरा पुसला’. चर्चमध्ये कॉफीच्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी असते. गॉर्डी घरी आला. मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. तुला विचारायला हवं होतं, पण माझ्याच्याने तोंडाने सांगवलं नसतं. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि टोपी घालून गेला. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्या घरातून काही न खाता गेला नव्हता.

परवा हंगाम संपला म्हणून बर्फ वितळवला. खरं तर चेहरा पुसावा लागतच नाही, दर उन्हाळ्यात आपोआप जातो. एकतीस वेळा गेला, पण मी कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या वेळी मी कामगारांवर ओरडण्यात गुंतलेला असायचो. यंदा नव्या बर्फवाल्याला म्हटलं, मला बसू दे. दिवे अर्धे बंद, अकरा हजार खुर्च्या रिकाम्या. आधी पिसं गेली, मग गाल. डोळे सगळ्यांत शेवटी, कारण तिथे रंग जाड असतो. पाण्यात ते थोडे हलले. मी उभा राहिलो आणि टोपी काढली. का ते विचारू नकोस. तू पाच वर्षांची असताना तुला जे वाटलं असेल, त्याच्या जवळपासचं काहीतरी त्या क्षणी मला वाटलं.

तुझ्या आईला माझा निरोप सांग. काय सांगायचं ते मला सुचत नाही, पण सांग.

आयनार

स्टोनी लेक
२ मे

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ‘हा कुणाचा मुलगा’ इथपर्यंत आल्यावर ती खिडकीपाशी गेली. म्हणाली, आमच्या वडिलांनी त्या प्रश्नाने तुम्हाला वाट दाखवली होती, आणि तुम्ही तिथे पोचलात, उशिरा का होईना. मग म्हणाली, जेवायला कधी येणार ते विचार. म्हणून विचारते. कधी येणार?

पत्र गॉर्डीकाकांना दाखवलंत ते बरंच केलंत. माझ्याने ते झालं नसतं.

कोरीन

हॅलिंग्डाल
१२ ऑक्टोबर

प्रिय कोरीन,

तुझ्या आईच्या हातचं खाऊन आलो तेव्हापासून माझ्या हातच्या बटाट्याच्या लेफ्से पोळ्या मला कागदासारख्या लागतात. तिला सांग.

पहिला सामना तेवीस तारखेला, शुक्रवारी. नव्या संघाचं चित्र अजून मंजूर व्हायचंय, त्यामुळे यंदा मधलं वर्तुळ कोरंच. नव्या बर्फवाल्याने मला पांढरा थर द्यायला बोलावलं होतं. तीन तास फवारणीचा दांडा धरून चाललो, आता पाठ बोलते आहे. पण काय दिसतं ते! मध्ये काहीच नाही. आत बघावं तर नजर आत आत जाते.

सोबतचं तिकीट गॉर्डीच्या खुर्चीचं आहे. माझ्या पत्रपेटीत टाकून गेला. पाकिटावर फक्त ‘कोरीनसाठी’. एप्रिलपासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. किराणा दुकानात मी दिसलो की दुसऱ्या रांगेत जातो. चाळीस हंगाम त्याने ती खुर्ची कुणाला पाच मिनिटंही दिली नव्हती. तो येणार नाही असं दिसतं.

तू नाही आलीस तरी मी रागावणार नाही. तुझं ते वाक्य मला पाठ आहे. फक्त मी तिथे असेन, आणि शेजारची खुर्ची रिकामी असेल.

आयनार

हॅलिंग्डाल
२६ ऑक्टोबर

प्रिय कोरीन,

तू जिना उतरून माझ्याकडे येताना दिसलीस आणि मला समोरचं काही दिसेना. म्हातारा भर रिंकमध्ये नाक शिंकरत होता, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

हाकेची नुसती खिचडी झाली, नाही? मला खुर्चीतून जाणवलं. कुणी जुनं नाव ओरडलं, पोरांनी नवं, आणि बाकीची हजारो माणसं तोंड उघडून तशीच राहिली, काय म्हणायचं ते न कळून. मी त्यांच्याकडे बघत होतो. एवढी माणसं एकाच वेळी अडखळलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला तर ते हाकेपेक्षाही मोठं वाटलं. आणि मग त्या कोऱ्या पांढऱ्यावर पक पडला.

एक विचारायचं राहिलं. पहिली वीस मिनिटं झाल्यावर ‘आले हं’ म्हणून तू वर गेलीस ती सामना संपेपर्यंत खाली आली नाहीस. मी मान वळवून वळवून थकलो. कुणी काही बोललं का तुला? बोललं असेल तर नाव सांग.

आयनार

स्टोनी लेक
१ नोव्हेंबर

प्रिय आजोबा,

कुणी काही बोललं नाही. कुणाला झोडायला निघू नका.

मी पाणी आणायला वर गेले, तर सगळ्यात वरच्या कठड्यापाशी, उभ्याने बघणाऱ्यांच्या गर्दीत गॉर्डीकाका होते. तिकीट मला दिलं आणि स्वतः उभ्याचं तिकीट काढून आले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. मला बघून त्यांनी आधी टोपी काढली, मग परत घातली.

म्हणाले, रस्ता कसा होता? मी म्हटलं, पुलापर्यंत चांगला, पुढे निसरडा. वारा? वायव्येचा. हं. मग हरणं दिसली का, गाडीला हिवाळ्याचे टायर घातले का, असं दहा मिनिटं चाललं. मी म्हटलं, खाली चला, आजोबांशेजारी बसा, मी उभी राहते. म्हणाले, नाही, यंदा इथूनच बघायचं ठरवलंय. मग बर्फाकडे बघत म्हणाले, ‘मी तुला खुर्चीवर उभं केलं ना, तेव्हा मला वाटलं मी तुला मोठं करतोय.’

काही हरकत नाही असं मी म्हणाले नाही, आजोबा. हरकत होती. मी म्हणाले, ‘मला माहीत आहे.’

आम्ही तसेच शेजारी उभे राहिलो. आणि मग आपला पहिला गोल झाला. अकरा हजार माणसं उसळली. गॉर्डीकाकांचं तोंड उघडलं, हात वर गेला, आणि जुना शब्द अगदी ओठांवर आला. मला तो दिसला. त्यांनी झटकन तळव्याने तोंड दाबून धरलं. सगळं छप्पर दणाणत होतं आणि तो माणूस तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी गाळत उभा.

मी त्यांचा हात धरून खाली घेतला. म्हटलं, ‘ओरडा ना, गॉर्डीकाका. गोल झालाय.’

‘काय म्हणून ओरडू?’

‘नुसतं ओरडा.’

आणि ते ओरडले. त्यात शब्द कुठलाच नव्हता. एवढा मोठा आवाज त्या माणसाच्या आत होता हे मला माहीत नव्हतं. मीही ओरडले. मग त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो सामना संपेपर्यंत काढला नाही. म्हणून मला खाली येता आलं नाही.

तुमची,
कोरीन